अकरा महिन्यांचं घर: पुण्यात भाड्याने राहताना पैसा नेमका कुठे जातो

पुण्यात भाड्याचं घर शोधणारा माणूस एजंटला पहिल्या फोनमध्ये एकच आकडा सांगतो. "बजेट सोळा हजार." मग त्याच आकड्याभोवती घरं दाखवली जातात, हजार-पाचशेवरून घासाघीस होते आणि भाडं साडेपंधरावर आलं की आपण जिंकलो असं वाटतं. मीही बरीच वर्षं असंच केलं. सात वर्षांत पाच घरं बदलली आणि एकदा शांतपणे वही घेऊन बसले, तेव्हा कळलं की घासाघीस करून भाड्यात जे वाचवलं, त्याहून जास्त पैसे घरं बदलण्यात गेले होते. घर परवडेल का, याचं उत्तर बरंचसं त्या घरात तुम्ही किती काळ राहणार यावर असतं. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

हिशेब करून बघू. समजा वन बीएचके आहे, भाडं १६,०००. एजंटला एका महिन्याचं भाडं म्हणजे १६,०००. टेम्पो आणि हमाली ६,०००. करारनाम्यातला आपला वाटा आणि तो करून देणाऱ्याची फी मिळून २,५००. घर सोडताना 'रंगाचे' म्हणून डिपॉझिटमधून ८,००० कापले जातात असं धरू. एकूण ३२,५००. डिपॉझिट मी यात धरलेलं नाही, कारण ते परत मिळायचं असतं.

अकरा महिन्यांनी घर सोडावं लागलं, तर हे ३२,५०० अकरा महिन्यांवर पसरतात. महिन्याला सुमारे २,९५५. सोळा हजारांचं घर तुम्हाला जवळजवळ एकोणीस हजारांना पडलं. त्याच घरात ३३ महिने राहिलात, तर तोच खर्च महिन्याला ९८५ होतो. फरक दोन हजारांच्या आसपास. म्हणजे ज्या घराचं भाडं दीड हजाराने जास्त आहे पण मालक तीन वर्षं राहू देणार आहे, ते घर अकरा महिन्यांनी खाली करायला लावणाऱ्या 'स्वस्त' घरापेक्षा खरोखर स्वस्त पडतं.

लांबचं घर घेतलं की वाचलेले पैसे पेट्रोलमध्ये जातात, असंही सगळे म्हणतात. दुचाकीपुरतं तरी ते फारसं खरं नाही. कोथरूडऐवजी नऱ्ह्यात राहून शिवाजीनगरला कामाला जायचं, तर दिवसाला अंदाजे चौदा किलोमीटर जास्त. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ३५० किलोमीटर. गाडी लिटरला ४५ चालते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर सव्वाआठशे रुपयांच्या आत. भाड्यातला फरक पाच हजारांचा असेल, तर लांबचं घर अजूनही स्वस्तच आहे. किंमत मोजावी लागते ती वेळेत, पावसाळ्यातल्या खड्ड्यांत आणि रात्री उशिरा परतणाऱ्या बाईच्या काळजीत. ती रुपयांत मांडता येत नाही, पण घर ठरवताना ती मोजायलाच हवी.

हे अकरा महिने आले कुठून?

हे समजलं की घरमालक असा का वागतो तेही समजतं. त्यामुळे इथे जरा थांबू.

१९४७ साली मुंबई प्रांतात भाडेनियंत्रणाचा कायदा आला. युद्ध नुकतंच संपलं होतं, शहरांत माणसं वाढत होती, घरं कमी होती. या कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली आणि भाडेकरूला सहजासहजी काढता येणार नाही अशी तरतूद केली. त्या काळाची ती गरज होती. पण भाडं गोठलं ते पिढ्यान्‌पिढ्या गोठलं. पेठांतल्या वाड्यांत दोन खोल्यांना महिना काही दहा-वीस रुपये भाडं देणारी कुटुंबं पुढे कित्येक दशकं राहिली. मालकाला त्या भाड्यात कौलं शाकारायलाही पैसे पुरेनात आणि वाडे तसेच खचत गेले.

मग मालकांनी पळवाट शोधली. भाडेकरू ठेवायचाच नाही, नुसती राहायची परवानगी द्यायची. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात अशा परवानगीची व्याख्या आहे, तिला लायसन्स म्हणतात. परवानगी घेणाऱ्याचा जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. हीच आपली 'लिव्ह अँड लायसन्स' पद्धत. पण १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर जे जागेत राहत होते, त्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. ज्यांनी विश्वासाने जागा दिली होती, त्या मालकांच्या हातातून ती एका दिवसात गेल्यासारखी झाली. आज तुमच्यासमोर बसलेल्या सत्तरीतल्या मालकाने हे स्वतःच्या घरात पाहिलेलं असण्याची शक्यता आहे. तो "जास्त दिवस नको" म्हणतो, त्यामागे ही आठवण असते.

आता चालतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण त्यात आहे, वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभाही आहे. आपल्यासारख्या लायसन्सवाल्यांसाठी महत्त्वाचं आहे कलम २४. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते आणि मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन घर खाली करून घेऊ शकतो. म्हणजे १९७३ ची भीती बाळगायचं कारण मालकाला आता उरलेलं नाही. त्याला हे प्रेमाने समजावून सांगा. मी सांगितलंय, आणि पाचातल्या दोन मालकांनी ऐकलंय.

अकराच महिने का, तर १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळायची म्हणून वर्षाला एक महिना कमी. इतर राज्यांत या युक्तीला अजून अर्थ असेल. महाराष्ट्रात तो राहिलेला नाही, कारण १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखीच हवा आणि नोंदवलेलाच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की पाच. म्हणून बावीस, तेहेतीस, छत्तीस महिन्यांचा करार मागायला अजिबात कचरू नका. मुद्रांक शुल्काचा नियमच ६० महिन्यांपर्यंतच्या लायसन्सची सोय करून ठेवतो.

लांबचा करार मालकालाही स्वस्त पडतो. मुद्रांक शुल्क असं मोजतात: संपूर्ण मुदतीचं भाडं, अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, आणि या बेरजेच्या ०.२५ टक्के. भाडं १६,०००, डिपॉझिट ५०,००० आणि मुदत ३३ महिने धरली तर शुल्क साधारण १,३५० रुपये येतं. शहरात नोंदणी फी १,००० रुपये, एकदाच. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार केले तर मुद्रांक शुल्क जवळपास तेवढंच येतं, पण नोंदणी फी तीनदा, करून देणाऱ्याची फी तीनदा आणि अंगठे द्यायला दोन्ही बाजूंची सुट्टी तीनदा. दरवर्षी ५ टक्के वाढ हवी असेल तर ती पहिल्याच करारात लिहिता येते. मालकाला वाढ मिळते, तुम्हाला पुढच्या तीन वर्षांचं भाडं आजच कळतं.

एक सावधगिरी. लांबच्या करारात 'लॉक-इन' असतो, म्हणजे अमुक महिने कुणीच करार मोडायचा नाही. तो दोघांनाही सारखा लागू आहे का, ते नीट वाचा. तुम्ही सहा महिने सोडू शकत नाही, पण मालक एका महिन्याच्या नोटिशीवर काढू शकतो, असे मसुदे सर्रास फिरतात. आणि अकरा महिने संपल्यावर एजंट पुन्हा अर्धं किंवा पूर्ण भाडं मागणार का, हे टोकन देण्याआधी विचारा. नंतर विचारलं की "पद्धतच आहे" हे उत्तर ठरलेलं.

"नोटरी करू, चालतं सगळ्यांना"

चालत नाही. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे करार नोंदला गेला असं होत नाही. कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदलेला करार नसताना वाद झाला, तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं आणि ते खोटं ठरवण्याचा भार मालकावर येतो. एवढी तरतूद असूनही मालक टाळतात.

पुण्यात त्याचं एक खास कारण आहे. मालक स्वतः राहत असेल तर पुणे महापालिका मिळकत करात ४० टक्के सवलत देते. घर भाड्याने दिलं की ती जाते. नोंदलेला करार म्हणजे भाड्याचा पुरावा, म्हणून नको. दुसरं कारण म्हणजे भाड्याचं उत्पन्न प्राप्तिकराला दाखवायला लागतं. मालकाची अडचण समजून घ्या, पण तिची किंमत तुम्ही भरू नका. नोंदलेला करार नसेल तर बँकेचा पत्ता बदलताना, गॅसची जोडणी घेताना, ऑफिसातून घरभाडे भत्त्याची करसवलत घेताना तुम्ही अडकता. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांवर मुलाचा प्रवेश घ्यायचा असेल, तर भाडेकरूंकडून नोंदणीकृत करारच मागतात. माझ्या शेजारणीचा अर्ज केवळ या कागदापायी मागे आला. त्या मुलाचं ते वर्ष मी विसरू शकत नाही.

नोंदणीसाठी आता कचेरीत जावं लागत नाही. नोंदणी विभागाची ऑनलाइन सोय आहे, करून देणारा माणूस अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो आणि आधारवरून ओळख पटते. सही करण्याआधी समोरचा माणूस खरंच मालक आहे का ते बघा. वीजबिल, मिळकत कराची पावती, सोसायटीचा भागदाखला (शेअर सर्टिफिकेट) यांवरचं नाव जुळवा. खरेदीखताची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे घर कुणी कुणाकडून घेतलं याचा नोंदलेला सारांश) नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. मालक परदेशात असेल आणि भाऊ किंवा मेहुणा सही करणार असेल, तर त्याच्याकडचं कुलमुखत्यारपत्र मागा. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

पोलिसांना माहिती देणं हाही मालकाच्या कामाचा भाग आहे. ते ऑनलाइन होतं. कुणी त्याचे वेगळे पैसे मागत असेल तर कशाचे ते विचारा.

सोसायटी आणि "बॅचलर चालणार नाहीत"

सोसायटीची ना-हरकत लागते, असं वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे सांगतील. सोसायट्यांचा कारभार ज्या नमुना नियमांवर चालतो, त्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, एवढंच. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर सोसायटी जो जादा आकार घेते, त्यालाही मर्यादा आहे. १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयानुसार तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि त्यात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. मेंटेनन्स दोन हजार असताना "भाडेकरूचे आणखी दोन हजार" कुणी सांगितले, तर हा निर्णय मालकाला दाखवा. तो आकार सभासदाकडून घ्यायचा असतो, पण शेवटी तुमच्या भाड्यात येऊन बसतो.

एकट्या मुलीला, मुसलमान कुटुंबाला, मांसाहार करणाऱ्याला घर नाकारलं जातं. हे पुण्यात रोज होतं आणि ते चूक आहे. ज्यांना ते सोसावं लागतं त्यांना तेच घर मिळवायला जास्त डिपॉझिट द्यावं लागतं किंवा जास्त लांब जावं लागतं. परवडणाऱ्या घरांबद्दल लिहिताना हे वगळलं तर हिशेब अपुरा राहील. अशा वेळी माझा अनुभव असा, की सोसायटीशी वाद घालण्यापेक्षा मालकाला आपल्या बाजूने उभं करणं जास्त उपयोगी पडतं, कारण घर कुणाला द्यायचं हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे.

भाग निवडताना

शनिवार, सदाशिव, नारायण या पेठांत स्पर्धा परीक्षांची मुलं 'कॉट बेसिस'वर राहतात. एका खोलीत तीन-चार कॉट, प्रत्येकाचं भाडं वेगळं. एकट्याला हा सर्वांत स्वस्त मार्ग. कुटुंबाला मात्र बाहेर सरकावंच लागतं. वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट अशी मेट्रो झाल्यापासून स्टेशनपासून चालत जाता येईल अशा जागांची भाडी मालक मोठ्याने सांगू लागले आहेत. दहा मिनिटांच्या शेअर रिक्षाच्या अंतरावर गेलात तर आकडा बराच खाली येतो.

महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३ आली. धायरी, आंबेगाव, उंड्री, मग नऱ्हे, वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे. हद्द वाढली म्हणून नळाला पाणी आलं असं समजू नका. यातल्या बऱ्याच सोसायट्या टँकरवर चालतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत तो खर्च मेंटेनन्समध्ये उतरतो. "पाणी आहे का?" असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. "मागच्या मे महिन्यात दिवसाला किती टँकर आले आणि त्याचे पैसे कुणी दिले?" असं विचारा.

नदीकाठची तळमजल्याची घरं कधी कधी आश्चर्य वाटावं इतकी स्वस्त असतात. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. अशा भागात घर बघताना शेजाऱ्याला भिंतीवर हात ठेवून दाखवायला सांगा, पाणी कुठपर्यंत आलं होतं.

विजेचं मीटर स्वतंत्र आहे का ते जरूर बघा. गावठाणात आणि जुन्या इमारतींत तीन-चार खोल्यांना मिळून एकच महावितरणचं मीटर असतं आणि मालक आतल्या छोट्या मीटरवरून वाटणी करतो. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० महाग, पुढे आणखी महाग. तुम्ही एकटे ८० युनिटं वापरत असाल तर पहिल्याच टप्प्यात राहता. पण चार कुटुंबांची ३२० युनिटं एका बिलात आली की बरीचशी वरच्या टप्प्यांत जातात, आणि काटकसर करणाऱ्यालाही तोच दर पडतो. पाच हजारांच्या खोलीत राहणाऱ्याला हा फरक मोठा असतो.

घर शोधायला जून-जुलै सर्वांत वाईट, कारण कॉलेजं सुरू होत असतात. शक्य असेल तर दिवाळीनंतर शोधा. मोबाईलवरच्या जाहिराती बघाव्यात, पण हव्या त्या गल्लीत संध्याकाळी सातनंतर चालत फिरावं. इस्त्रीवाला, किराणा दुकानदार, दूध टाकणारा यांना कोण घर सोडतंय हे पंधरा दिवस आधी कळलेलं असतं, आणि अशा घराला अनेकदा एजंट नसतो. वरच्या हिशेबातले सोळा हजार तिथेच वाचतात. "मी लष्करात आहे, बदली झालीय, आत सोडायला गेटपास लागेल, आधी थोडी रक्कम पाठवा" असं फोनवर कुणी सांगितलं, तर फोन ठेवा. घर आतून बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही.

किल्ली घेताना आणि देताना

'हेवी डिपॉझिट'चा प्रस्ताव आला, म्हणजे आठ-दहा लाख एकरकमी द्या आणि भाडं नाममात्र, तर नकार द्या असं माझं स्पष्ट मत आहे. मालकाने ते पैसे दुसरीकडे गुंतवले आणि अडकले, तर तुमची आयुष्यभराची बचत अडकते. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकंच डिपॉझिट असावं असं म्हटलंय. तो राज्याने स्वीकारला तरच लागू होतो, पण वाटाघाटीत तो आकडा पुढे ठेवायला कुणाची हरकत नाही. डिपॉझिट बँकेतूनच द्या आणि करारात ती रक्कम आकड्यात व अक्षरांत आली आहे ना ते बघा.

माझं एक डिपॉझिट रंगाच्या नावाखाली पूर्ण बुडालं. आमच्या करारात 'घर सुस्थितीत परत करावे' एवढंच वाक्य होतं, आणि सुस्थिती म्हणजे काय हे मालकाने ठरवलं. त्यानंतर प्रत्येक करारात मी दोन ओळी घालून घेते: रोजच्या वापराने होणारी झीज कापायची नाही, आणि डिपॉझिट किल्ली देण्याच्या दिवशीच परत करायचं. रंगाचे पैसे घ्यायचेच असतील तर रक्कम आजच लिहायची.

सामान आत नेण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. भिंतीचे पोपडे, बाथरूमच्या फरशीची चीर, गळका नळ, पंख्यांची संख्या, मीटरचा आकडा, सगळं. तो त्याच दिवशी मालकाला पाठवा, म्हणजे तारीख राहते. घर सोडताना शेवटचं वीजबिल भरून, त्याच खोल्यांतून त्याच क्रमाने दुसरा व्हिडिओ काढा. मालकाला घरीच बोलवा, दोघांनी मिळून मीटर वाचा, आणि डिपॉझिट खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला की मग किल्ली त्याच्या हातात ठेवा.